अंधेरीतल्या हट्टी पेशी

मुंबईहून परत आलो की कणकवलीच्या नाक्यावर चौकशी होतेच. "काय काय बघितलंत, मास्तर?" असं विचारणाऱ्याला समुद्र, नवे पूल, उंच इमारती यांपैकी काहीतरी ऐकायचं असतं. यावेळी मी म्हटलं, अंधेरीला जाऊन एक बाटली बघून आलो. विचारणारा एक पाऊल मागे सरकला. बाटली प्लॅस्टिकची आणि चपटी होती, तिच्यात कॅन्सरच्या जिवंत पेशी होत्या, एवढं सांगेपर्यंत त्याचा चहा संपला आणि त्याची एस.टी. आली. म्हणून सगळं नीट लिहून काढतो आहे. सवडीने वाचावं.

जाण्याचं कारण माझी धाकटी बहीण शोभा. लग्न झाल्यापासून ती बोरीवलीला आहे. तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, पण तोवर तो यकृतापर्यंत पोचला होता. मग सलाईनमधून औषधं सुरू झाली, त्यांच्या जोडीला एक खास इंजेक्शन. त्या इंजेक्शनने पहिल्यांदा कमाल केली, गाठी निम्म्यावर आल्या. पुढे काही महिन्यांनी त्याच गाठी त्याच इंजेक्शनला दाद देईनात. डॉक्टरांनी ते बंद करून दुसरं दिलं. आता त्या दुसऱ्याचाही जोर ओसरला होता. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, पहिलं इंजेक्शन बंद करून बरेच दिवस झाले आहेत, रक्त तपासू आणि जमलं तर तेच पुन्हा देऊन बघू. शोभा म्हणत होती, जमणार नाही.

तिचे यजमान दिलीपराव यांचा फोन आला. "दादा, तुम्हीच या. माझं काही ऐकत नाही, तुमचं ऐकेल." शोभाने माझं ऐकल्याची आमच्या घराण्यात नोंद नाही. तरी मी बॅग भरली.

बोरीवली पूर्व

गाडीत मला उत्तम झोप लागते, त्यामुळे वाटेतलं सांगण्यासारखं काही नाही. दार शोभानेच उघडलं. मार्गशीर्षातली सकाळ होती, अंगावर शाल, आणि शालीच्या आत पूर्वीच्या निम्मीच शोभा. तोंड मात्र पूर्वीचंच.

"इलंस? ये. आधीच सांगतंय, माका समजावक इलो असशीत तर चाय पी आणि परत जा."

मालवणी ती आता फक्त मला घरात घेताना आणि मनापासून चिडली तरच बोलते. एरवी तिची मुंबईची भाषा चालू असते. मी चहा प्यालो आणि गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात मासे आणायला गेलो. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी मासा बघतं. इथे आधी कोळीण गिऱ्हाइकाला बघते. मी सवयीने बांगड्याचा गाल उचलून आतला लाल रंग बघायला डोकावलो, तर ती म्हणाली, "काका, ताजा हाय. तुमच्यापेक्षा ताजा हाय." आजूबाजूच्या बायका हसल्या. मी मुकाट्याने बांगडे घेतले. परतताना लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाई भेटल्या, हातात देवळातून आणलेलं ताट. माझ्या पिशवीतून थेंब गळत होते. बाईंनी एक शब्द काढला नाही, पदर नाकाला लावला आणि पहिल्याच मजल्यावर उतरून जिन्याने वर गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यांच्याच घरून शोभासाठी वाडगाभर उंधियू आलं, वर कोथिंबीर आणि ओलं खोबरं.

"ती नेहमी असंच करते," शोभा म्हणाली. "नाक पण दाबते आणि डबा पण पाठवते. टेन्शन नको घेऊस."

उंधियू झकास होतं. शोभाने दोन घास खाल्ले, मी उरलेलं संपवलं.

उद्यानाची कडा

शोभाच्या सोसायटीपासून राष्ट्रीय उद्यानाचं फाटक चालत जाण्याएवढं जवळ आहे. सकाळी तिथे अर्धी बोरीवली चालायला येते. आमच्याकडे माणसं जंगलातून वाट काढत गावात येतात, इथे गावातून वाट काढत जंगलात जातात, तीही पांढरे बूट घालून. बिबट्याबद्दल सगळे असे बोलतात की तो सोसायटीचाच सभासद वाटावा, फक्त मेन्टेनन्स न भरणारा. शोभाला फार चालवत नाही. आम्ही आतल्या एका बाकावर बसलो. उन्हं अजून झाडांच्या शेंड्यांवरच होती.

मी घसा साफ केला. तीस वर्षं भूगोल शिकवल्यावर माणसाला बिनतयारीचं बोलता येत नाही. मी सुरुवात केली, "हे बघ, डॉक्टर म्हणतात त्यात तथ्य..."

"दादा, तुला वाटतं मी औषधाला घाबरते?" तिने मध्येच तोडलं. "सुईला नाही घाबरत. उलट्यांना नाही. केस गेले, आले, परत गेले. मी म्हटलं, शाम्पू वाचला. मी त्या तोंडाला घाबरते रे."

मग कळलं. त्या पहिल्या इंजेक्शनने तिच्या तोंडावर, छातीवर, पाठीवर पुळ्या आल्या होत्या. पिकलेल्या, दुखऱ्या. नखांच्या कडा सुजायच्या, कपाळ तर फणसाच्या सालीसारखं दिसायचं, असं तीच म्हणाली. ते दिवस मी पाहिलेले नव्हते. फोनवर आवाज ऐकू येतो, कपाळ दिसत नाही.

"गेल्या संक्रांतीला खालच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं," ती सांगू लागली. "मी गेले. छान साडी नेसून, बरं का. रांगेत बसले. पोरगी एकेकीला कपाळाला लावत आली. माझ्यापाशी आली, बोट वर नेलं आणि थांबली. मग म्हणाली, 'काकी, हात पुढे करा ना.' मनगटावर लावलं."

"तुला दुखेल म्हणून असेल."

"असेल ना. चांगली पोरगी आहे ती, मी कुठे वाईट म्हणते? पण बाजूला एवढ्या बायका बसल्या होत्या, दादा. सगळ्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे." तिने शाल ओढून घेतली. "त्यानंतर मी कोणाकडे गेले नाही. ते इंजेक्शन बंद झालं, चेहरा साफ झाला, तेव्हा कुठे भाजी आणायला खाली उतरले. आता परत संक्रांत येतेय आणि डॉक्टरला परत तेच द्यायचंय. आणि तेही जे एकदा हरलंय ते. कशाला?"

आमच्या गावात असं झालं नसतं, असं मी म्हणणार होतो. मग गावातल्या बायका एकेक करून डोळ्यांपुढे आल्या आणि गप्प बसलो. मला फार वाईट वाटलं. यकृत, गाठी, रक्ताचे रिपोर्ट असं सगळं पाठ करून मी आलो होतो, आणि हिचं दुखणं कपाळावरच्या टिकलीएवढ्या जागेत होतं. परतताना फाटकाबाहेर आम्ही आवळे घेतले, मीठ लावून खाल्ले आणि दुसरंच काहीतरी बोलत राहिलो.

अंधेरी

माझी मुलगी केतकी मालाडला राहते आणि अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत काम करते. काम कसलं, तर औषधाला न जुमानणाऱ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचा हट्ट कसा मोडता येईल ते बघायचं. आत्या आजारी पडण्याच्या आधीपासून ती हेच करते आहे. आत्याशी त्याबद्दल ती कधी बोलत नव्हती. मी बाकावरची गोष्ट तिला फोनवर सांगितली, तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, शनिवारी लॅबमध्ये गर्दी नसते. आत्यालाही आणता का?"

"मी औषध घ्यायला नाही हं येत, फिरायला येते," शोभाने आधीच बजावलं आणि तोंडाला मास्क लावून तयार झाली.

मेट्रोने गेलो. डाव्या हाताला उद्यानाचे डोंगर बराच वेळ सोबत करतात, मग गोरेगावच्या पुढे इमारती त्यांना झाकून टाकतात. शोभा खिडकीतून बघत म्हणाली, ती लग्न होऊन आली तेव्हा इथे सगळं गवत होतं.

प्रयोगशाळा एका जुन्या औद्योगिक वसाहतीत आहे. खालच्या मजल्यावर बटणं बनतात, वरच्या मजल्यावर हे. केतकीने आम्हाला कोट चढवले, बुटांवर पिशव्या चढवल्या. आत फ्रीजसारखं दिसणारं एक कपाट होतं, पण ते गार नव्हतं, आत आपल्या अंगाइतकी ऊब ठेवतात. त्यातून तिने दोन चपट्या बाटल्या काढल्या. आत लालसर गुलाबी पाणी.

"अगं, हे कोकम सरबत पाजतेस तू त्यांना?" शोभा म्हणाली.

"तसंच दिसतं, आत्या. हे त्यांचं जेवण. खाऊन खाऊन त्यांनी घाण केली की पिवळं पडतं, मग बदलायचं."

मी बाटली हातात घ्यायला गेलो. "बाबा, हात!" ती अशी ओरडली की मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पुढचा सगळा वेळ मी तसाच होतो, वर्गात मीच उभ्या केलेल्या पोरांसारखा.

"कोणाच्या गं ह्या?" शोभाने विचारलं.

"खूप वर्षांपूर्वीच्या एका पेशंटच्या. परदेशातल्या. माणूस केव्हाच गेलं, पेशी वाढताहेत. सगळ्या जगात ह्यांच्यावर काम चालतं."

"बिचारं," शोभा म्हणाली आणि बाटलीकडे बघत राहिली. ते बिचारं तिने माणसाला म्हटलं की पेशींना, मला कळलं नाही.

केतकीने पहिली बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तळाला फरशी बसवावी तशा पेशी एकमेकींना चिकटून पसरल्या होत्या. "ह्या हट्टी. आत्या, तुला दिलेलं ते इंजेक्शन ह्यांच्यावर घातलंय. काही फरक पडला नाही." मग दुसरी ठेवली. इथे तळ उघडा पडला होता. पेशी गोल होऊन पाण्यात तरंगत होत्या, थोड्याच कुठे कुठे चिकटून होत्या. "ज्या गोल होऊन सुटल्यात त्या मेल्यात. औषध तेच, तेवढंच. आणि ह्या पण मूळच्या हट्टीच होत्या."

"मग ह्यांना काय झालं?"

"आम्ही चूक केली," केतकी म्हणाली.

ही चूक नीट सांगायला हवी, कारण तिची सुरुवात आमच्या घरच्या लग्नापासून झाली. हट्टी पेशी हट्टी ठेवायच्या तर त्यांच्या रोजच्या जेवणात औषधाचा थोडा अंश घालत राहावा लागतो, म्हणजे औषध सहन करणाऱ्याच तेवढ्या टिकतात. केतकी हे इतकी वर्षं करते आहे की पोळीला तेल लावावं तसं तिचा हातच ते करतो. ज्या वर्षी तिचं लग्न झालं त्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा तेव्हाच होतो, म्हणजे गौरीपुढे भरलेली सुपं ओवाळायची, सगळ्या नातेवाइकांसमोर. तो हुकला तर पूर्वा परत जुळेपर्यंत सूनबाई वर्षानुवर्षं ताटकळतात. त्यामुळे केतकी गणपतीला सासरच्या गावी गेली ती ओवसा करूनच परतली, आणि परतल्यावर तापाने अंथरुणाला खिळली. या सगळ्या काळात पेशी तिने हेतलकडे सोपवल्या होत्या.

ही हेतल घाटकोपरची, केतकीच्या शेजारच्या टेबलावर काम करते. ती त्या दिवशी होतीच. ती पुढे आली आणि म्हणाली, "काकी, ही फोन करून रोज विचारायची, माझ्या पेशींना खायला घातलंस ना? मी पण एकदम प्रेमाने घालायची, ताजं ताजं. औषध टाकायचं असतं ते ही बोललीच नाही ना यार!"

"मला सुचलंच नाही," केतकी म्हणाली. "माझ्यासाठी ते जेवणातच आलं. परत आले, हेतलला विचारलं औषध किती उरलं, तर ती म्हणते कुठलं औषध? म्हटलं, वाट लागली. वर्षभराचं काम. मॅडम ओरडल्या पण नाहीत, ते जास्त वाईट. फक्त म्हणाल्या, फेकण्याआधी एकदा औषध घालून बघ. घातलं, तर बऱ्याचशा मेल्या. असं होतं ते आम्ही वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितलं ते तेव्हा. आता मुद्दाम करून बघतोय."

"म्हणजे औषध थांबलं की त्या हट्ट विसरतात?"

"विसरत नाहीत. हट्ट टिकवायला ताकद लागते, म्हणून त्या हळू वाढतात. औषध असतं तोवर त्यांचं राज्य. औषध थांबलं की कशाबशा उरलेल्या साध्या पेशी भराभर वाढून त्यांना मागे टाकतात. आणि साध्या पेशी औषधाने मरतात."

शोभाने क्षणभर विचार केला. "ढेकणांसारखं. चाळीत एकच औषध मारत राहिलो की ढेकूण त्यालाच सरावायचे. मग दुसरं मारायचं. काही वर्षांनी पहिलं परत आणलं की पटापट मरायचे."

"आत्या, तू माझ्याऐवजी सेमिनार दे," केतकी हसली. मग तिने हसू आवरलं आणि आत्याचा हात धरला. "पण हे बाटलीतलं आहे. काही हट्टी मागे उरतातच, ह्या बाटलीत पण उरल्यात. आणि बाटलीत फक्त पेशी असतात, आजूबाजूला माणूस नसतो. तुझ्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही. कोणीच नाही."

शोभाने पुन्हा डोळा लावला. पहिली बाटली बघितली, दुसरी बघितली, परत पहिली. "माझ्या आता ह्यातल्या कुठल्यासारख्या असतील?"

"रक्त तपासल्याशिवाय नाही कळणार."

हेतलने घरून आणलेले मेथीचे ठेपले आणि छुंदा आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवून खायला घातले. शोभाने अख्खा ठेपला खाल्ला. परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही आणि मीही बोललो नाही. त्यासाठी मला बरेच कष्ट पडले.

पुन्हा बोरीवली

रविवारी सकाळी दिलीपराव फाफडा-जिलेबी घेऊन आले. बोरीवलीत रविवार त्याशिवाय उजाडत नाही. शोभा पपईची चटणी पुढे सरकवत म्हणाली, "उद्या रक्त देऊन येऊ या. बघायला काय जातंय? घेईन असं म्हटलेलं नाही, दोघांनी ऐकून ठेवा." दिलीपरावांच्या हातात फाफडा तसाच राहिला. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, आता एक शब्द बोलू नका.

रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणून मी मुक्काम वाढवला. ते दिवस मी फाटकापर्यंत चालण्यात आणि कोळणीशी दोस्ती करण्यात घालवले. ती आता मला बांगड्याचा गाल स्वतःच उघडून दाखवायची. शोभा रोज देवाला दिवा लावताना नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहते, हे मी पाहत होतो. तिला जगायचं होतं. ते मी तिला विचारलं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघंही डॉक्टरीणबाईंच्या समोर बसलो. त्या म्हणाल्या, पहिल्या वेळी ज्या बदलामुळे औषध चालेनासं झालं त्याची खूण आता रक्तात सापडत नाही. याचा अर्थ पुन्हा देऊन बघायला जागा आहे. खात्री नाही. किती दिवस चालेल तेही माहीत नाही.

"पुळ्या येणार ना?" शोभाने विचारलं.

"बहुतेक येतील. या वेळी आधीपासूनच मलम आणि गोळ्या देऊ, त्रास कमी होईल. पण खरं सांगू? आल्या तर मला आनंद होईल. ज्यांना त्या चांगल्या येतात, त्यांच्यात हे औषध बरेचदा जास्त काम करताना दिसतं."

"हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही रडत होतात."

शोभा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. दिलीपराव माझ्याकडे बघत होते, मी टेबलाकडे. मग ती म्हणाली, "सुरू करा. आणि लवकर करा, संक्रांतीच्या आत. येणार असतील तर तेव्हाच येऊ देत. सगळ्यांना एकदाच काय ते बघू दे."

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून होतो. नर्सने शीर शोधली, थेंब सुरू झाले. शोभा मला म्हणाली, आता जा तू, घरी वहिनी एकटी आहे, आणि इथे बसून तू नुसता घोरतोस. मी त्या रात्रीच्या गाडीने निघालो.

कणकवली

घरी आल्यापासून रोज संध्याकाळी फोन. "काय गं?" "काही नाही. तुळतुळीत आहे." एरवी बाईमाणसाने असं सांगितलं तर आनंद मानावा. आमच्या घरात त्यावर कोणी जेवताना बोलत नव्हतं. केतकीला विचारलं तर ती म्हणाली, बाबा, थोडी वाट बघा. तिचाही आवाज बारीक झाला होता.

शेवटी मी गावच्या देवळात गेलो. गाऱ्हाणं घालायचं असलं की आमच्याकडे गुरव देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी गुरवाला मागणं सांगितलं. त्याने नारळ खाली ठेवला. "मास्तर, तोंडार पुळ्यो? भैणीच्या? तुमी बरे आसास मा?"

"जसां सांगतंय तसां घाल," मी म्हटलं.

त्याने घातलं. "बा देवा म्हाराजा! मुंबयक बोरीवलेक आसलेल्या ह्या मास्तराच्या भैणीच्या तोंडार भरभरान पुळ्यो येवंदे म्हाराजा!" मागे उभे असलेले चार लोक एकमेकांकडे बघत, पण तालात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी हात जोडून उभा होतो. आयुष्यात इतक्या मनापासून मी काही मागितलेलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी शोभाचा फोन आला. व्हिडीओचा. पडद्यावर आधी छत दिसलं, मग तिचा कान, मग ती.

"दादा, इल्यो!" ती ओरडली. "बघ. नाकार दोन, हनवटेर तीन, आणि कपाळ बघ कसा दिसता तां!"

सगळं लाल झालं होतं. मला पुढचं नीट दिसेना.

"रडतंस कित्याक? फोन ठेव," ती म्हणाली. "माका खाली हळदीकुंकवाक जावचां आसा."